होम कॉकपिट करायचंय? आधी पायाखालचं बघा, स्क्रीन नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. डोंबिवलीला वन बीएचके, मुलगी नववीत आणि विमानवेडी, घरात गेमिंगसाठी घेतलेला बरा कम्प्युटर आहे, हातात साधारण ८० हजार आहेत, कम्प्युटरवर विमान उडवायला (सिम्युलेटर, आम्ही नुसतं सिम म्हणतो) घरात खऱ्यासारखं कॉकपिट करायचंय आणि तुम्ही विचारताय, "ताई, तीन मोठे मॉनिटर घेऊन ए३२० चं कॉकपिट सुरू करू का, की आधी दुसरं काही?"

तीन मॉनिटर घेऊ नका. ए३२०, म्हणजे एअरबसचं मोठं प्रवासी विमान, ते पण आत्ता नको. आधी रडर पेडल (पायाने नाक डावी-उजवीकडे वळवायचं) करा, मग योक (विमानाचं हँडल), मग थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमीजास्त करायचा), आणि प्रत्येक वस्तू झाली की महिनाभर तिच्यावर उडा आणि मगच पुढची हातात घ्या. का ते सांगते, जरा लांबेल.

मी गेली १२ वर्षं हे करतेय, बोरिवलीला, आमचंही वन बीएचकेच. पेशाने इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे त्यामुळे सोल्डरिंग हाताला होतं, सुतारकाम मात्र शून्यापासून शिकले. आत्ता जे उभं आहे ते तिसरं कॉकपिट. पहिलं मी तुम्ही म्हणताय तसंच सुरू केलं होतं, स्क्रीन आधी, आणि सगळे पैसे तिथेच गेले, हातात राहिला एक हलका प्लास्टिकचा जॉयस्टिक. समोर इतकं सुंदर दिसायचं, समुद्र, सी लिंक, संध्याकाळचं ऊन, आणि लँडिंग मात्र एकही धड व्हायचं नाही कारण हाताला काही कळतच नव्हतं.

एक गोष्ट मला नंतर कळली आणि तिने माझा सगळा विचार बदलला. जगातला पहिला गाजलेला फ्लाइट सिम्युलेटर १९२९ मध्ये एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने बनवला. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता, तिथलेच हवेचे भाते घेऊन त्याने लाकडाचं छोटं विमान हलतं केलं. आपल्या पेटीला जसा भाता असतो ना, तेच तत्त्व, हवा भरली की उचलतो, सोडली की बसतो. आणि ब्लाइंड फ्लाइंग, म्हणजे नुसत्या काट्यांवर उडणं, शिकवताना त्याच्यावर झाकण बंद करायचे, म्हणजे आत बसलेल्याला बाहेरचं काही म्हणजे काही दिसायचं नाही, फक्त काटे, स्टिक आणि पायाखाली पेडल. १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याने असे ६ घेतले आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो पायलट त्यात बसून शिकले. चित्र नसताना शिकले. तेव्हा हाताला-पायाला काय लागतंय ते आधी, डोळ्याला काय दिसतंय ते नंतर, हे मी सगळ्यांना सांगते.

आता विमान कुठलं. ए३२० मध्ये डोक्यावरच्या एका पॅनलवरच इतकी बटणं आहेत की तुमचं पहिलं वर्ष ड्रिलिंगमध्ये जाईल, आणि ते विमान दोन माणसांनी उडवायचं असतं, बराच वेळ ऑटोपायलटवर. मुलीला उडणं शिकायचंय ना, मग सेस्ना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान घ्या. पॅनलवर काय काय लागतं बघा, मास्टर स्विच, फ्युएल पंप, पाच-सहा लाइटचे स्विच, फ्लॅपचा (पंखांच्या मागच्या झडपांचा) दांडा, ट्रिमचं चाक, थ्रॉटल, मिक्श्चर (इंधन आणि हवेचं प्रमाण), आणि मॅग्नेटोची (इंजिनाच्या ठिणगीची) किल्ली जी ऑफ, राइट, लेफ्ट, बोथ, स्टार्ट अशी पाच घरं फिरते. संपलं. आणि या प्रत्येक स्विचचा अर्थ पोरीला पंधरा दिवसात पाठ होईल. सॉफ्टवेअरसाठी पैसे घालायच्या आधी फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर टाकून बघा, पूर्ण फुकट आहे. एक्स-प्लेन १२ चा डेमो पण फुकट मिळतो. मायक्रोसॉफ्टचा २०२० किंवा २०२४ चा सिम्युलेटर दिसायला सगळ्यात देखणा, पण त्याची जमीन इंटरनेटवरून येत राहते, नेट डळमळीत असेल तर डोंबिवलीच्या बिल्डिंगा वितळलेल्या मेणासारख्या दिसतात. कंट्रोल बनवून झाले की ते तिन्हीकडे चालतात, त्यामुळे ती निवड नंतर बदलता येते.

पेडल. लोक यांना शेवटी ठेवतात आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक आहे. सेस्नासारख्या सिंगल इंजिन विमानाचा पंखा कॉकपिटमधून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, फुल पॉवर दिली की नाक डावीकडे ओढतं आणि उजवा पाय दाबून ते सरळ ठेवावं लागतं, टेकऑफ म्हणजे निम्मं पायाचंच काम. पेडल नसेल तर सॉफ्टवेअर ते काम गुपचूप स्वतः करतं आणि पोरीला कळतही नाही की काहीतरी राहिलं. आणि हो, डावा पाय पुढे म्हणजे नाक डावीकडे, सायकलच्या हँडलच्या बरोबर उलटं, सुरुवातीचे आठ दिवस पाय चुकणारच, चुकू देत.

बनवायला सोपं आहे. १८ एमएमच्या प्लायचा बेस, मधे एक उभा बोल्ट, त्यावर फिरणारी आडवी पट्टी आणि पट्टीच्या दोन टोकांना दोन पावलं, झालं. बोल्ट नुसता प्लायच्या भोकात फिरवू नका, दोन महिन्यात भोक सैल होतं. ६०८ नंबरचं बेअरिंग घ्या, ८ एमएमच्या बोल्टला बसतं, बाहेरून २२ एमएम, स्केटिंगच्या चाकात असतं तेच. नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्यांच्या दुकानात नुसता नंबर सांगितला की समोर ठेवतात. वर एक आणि खाली एक अशी दोन लावा, एकाने पट्टी डुलते.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, सेन्सर. बहुतेक जण साधा १० केचा पोटेन्शिओमीटर (आवाज कमीजास्त करायच्या नॉबमध्ये असतो तो) लावतात, मी पण लावला होता. हिशोब करून बघा, तो पूर्ण फिरतो साधारण ३०० अंश, तुमची पट्टी फिरते जेमतेम ४० अंश. अर्डुइनो (कंट्रोल कम्प्युटरला जोडणारा छोटा बोर्ड) पूर्ण फेरीचे १०२४ भाग करतो, त्यातले तुमच्या वाट्याला येतात १३५ च्या आसपास. म्हणजे पायाने हळूच दाबलं तरी विमान पायऱ्या-पायऱ्यांनी वळणार. वर तेवढाच एक तुकडा रात्रंदिवस घासला जातो, आणि मुंबईची खारी दमट हवा काय करते ते तुम्हाला माहीत आहेच. माझ्याकडे तिसऱ्या पावसाळ्यात थ्रॉटलचा पोटेन्शिओमीटर असाच गेला, अप्रोचवर, म्हणजे उतरायला येताना, हात स्थिर ठेवलाय आणि पॉवर आपोआप वरखाली उड्या मारतेय, मला आधी वाटलं सॉफ्टवेअरचा बग आहे, चार दिवस सेटिंग चाळत बसले. शेवटी खोलून बघितला तर आतल्या काळ्या पट्टीवर नेमका आपला हात जिथे असतो तिथे चकचकीत चरा पडलेला.

त्यानंतर सगळीकडे हॉल सेन्सर. ४९ई नावाचा तीन पायांचा इवलासा सेन्सर मिळतो, एखाद-दोन वडापावच्या किमतीत. तो चुंबक ओळखतो, कशालाच टेकत नाही म्हणून झिजतच नाही. पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा घ्या, त्याच्या आत समोरासमोर दोन छोटी निओडिमियम चुंबकं चिकटवा, दोन्ही एकमेकांना ओढतील अशी, म्हणजे एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिणेकडे बघतोय. हा तुकडा पट्टीच्या बोल्टवर बसतो आणि तिच्याबरोबर फिरतो, सेन्सर बेसवरच्या क्लिपमध्ये बरोबर मधोमध स्थिर. ५ व्होल्ट दिले की मधल्या जागी अडीच व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत, मल्टिमीटर लावून बघा आणि सेन्सर केसाकेसाने फिरवत अडीच आला की तिथेच हॉट ग्लू. हे मी नेहमी रात्री सगळे झोपल्यावर करते, कारण या एका मिनिटात कोणी हाक मारली आणि हात हलला की परत पहिल्यापासून. पेडल दोन्ही बाजूंना वीसेक अंशच फिरतं, तेवढ्यात रीडिंग जवळजवळ सरळ रेषेत बदलतं, आणि कॅलिब्रेशन केलं की पायाच्या अंगठ्याने नुसता दाब दिला तरी नाक हलताना दिसतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी नवऱ्याला उठवून दाखवलं होतं.

अर्डुइनोचा बोर्ड प्रो मायक्रो घ्या, नाहीतर लिओनार्डो. त्यांच्यातली चिप यूएसबीला जोडली की कम्प्युटरला थेट जॉयस्टिक म्हणून दिसते, मधे वेगळं काही लागत नाही. युनो हा बोर्ड घेऊन लोक अडकतात कारण तो तसा दिसत नाही. पुढे स्विच आणि लाइट वाढले की मेगा २५६० घ्या, त्याला ५४ डिजिटल पिन आहेत, आणि मोबीफ्लाइट हे फुकट सॉफ्टवेअर, त्यात कोडची एक ओळ न लिहिता कुठला स्विच विमानातल्या कशाला जोडायचा ते निवडता येतं. हा भाग मुलीकडे द्या, ती तुमच्या आधी शिकेल.

योकबद्दल जरा थांबून वाचा, कारण विकतचा घ्या की घरी करा, हा मुद्दा दोन्हीला लागू आहे. खऱ्या सेस्नात नाक खाली जातंय म्हणून तुम्ही योक ओढून धरलात की हाताला वजन लागतं. मग ट्रिमचं चाक फिरवत जायचं, तसतसं हातातलं वजन कमी होत होत नाहीसं होतं आणि योक जिथे होता तिथेच राहतो, हात सोडला तरी विमान तसंच चालतं. घरच्या योकला स्प्रिंग असते. तिला विमानाचा स्पीड किती, ट्रिम कुठे, काही माहीत नाही, ती सदासर्वकाळ मधेच खेचणार. म्हणून घरी ट्रिम करताना एका हाताने चाक फिरवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने योक हळूहळू मधे येऊ द्यायचा, नाक क्षितिजावर तिथल्या तिथे राहिलं पाहिजे. ही दोन हातांची जुगलबंदी जमली की निम्मं सिम जमलं. ती जमायला स्प्रिंग मऊ हवी, आणि बरोबर मधे जो खटका लागतो तो नको, कारण मधूनच योक हलवायचा असतो आणि तिथेच अडतो. मी स्प्रिंग काढून बाइकवर सामान बांधायची बंजी कॉर्ड लावलीय, ताण गाठीने कमीजास्त करता येतो. विकत घेणार असाल तर योक एकूण किती अंश फिरतो ते आधी विचारा, काही ९० अंश फिरतात काही १८०, जास्त फिरणारा हाताला बरा.

आता जागा आणि लाकूड. सगळं आधी पुठ्ठ्याचं करा. फ्रिजचा नाहीतर वॉशिंग मशीनचा खोका आणा, त्यातून पॅनल कापा, स्विचच्या जागी बाटल्यांची झाकणं चिकटवा, खुर्ची लावा आणि आठवडाभर त्यात बसून बघा. गुडघा कुठे लागतो, मिक्श्चर खेचताना कोपर भिंतीला आपटतं का, सगळं तिथेच कळतं. मग प्लाय. पावसाळ्यात जमिनीची ओल लागते म्हणून खालचा भाग मरीन प्लायचा, आयएस ७१० छाप बघून घ्या, वरचं साध्या बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या) प्लायमध्ये चालेल, आणि कापलेल्या कडांना वार्निश किंवा प्रायमर मारल्याशिवाय जोडू नका, पाणी कडेतूनच शिरतं. कुठलाही एक भाग ७० सेंटिमीटरपेक्षा रुंद ठेवू नका, आपल्या बेडरूमचे दरवाजे आणि सोसायटीची लिफ्ट त्याहून मोठं काही आत येऊ देत नाहीत, खिळे-फेविकॉलऐवजी नटबोल्ट वापरा. खाली ब्रेकवाली चाकं लावा म्हणजे पाहुणे आले की कोपऱ्यात ढकलता येतं. खुर्चीसाठी कुर्ल्याला सीएसटी रोडला जुन्या गाड्यांच्या पार्टवाल्यांकडे जुन्या मारुतीची पुढची सीट बघा, पुढे-मागे सरकायची रेल तिच्याबरोबर मागून घ्या, तुम्ही आणि मुलगी दोघंही बसणार म्हणजे ती रेल लागणारच.

पुढचं पॅनल ३ एमएमच्या अॅक्रिलिकचं. नेमप्लेट आणि ट्रॉफी बनवणाऱ्यांकडे लेझर मशीन असतं, कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉइंग दिलं की कापून देतात. दुधी अॅक्रिलिक घ्या, वरून काळा मॅट रंग मारा आणि अक्षरं लेझरने खरवडून घ्या, मागे एलईडी लावले की रात्री खऱ्या विमानासारखी अक्षरं उजळतात. भोकाचं माप स्विच हातात आल्याशिवाय देऊ नका. छोट्या टॉगलला ६ एमएम लागतं, मोठ्याला १२. मी एकदा फोटोवरून माप दिलं आणि १४ भोकं कानसने वाढवत बसले, त्यात पॅनलला कोपऱ्यात तडा गेला आणि पुन्हा कापून घ्यावं लागलं.

यूएसबीबद्दल एकच. ऐन फायनलवर, म्हणजे रनवे समोर असताना, योक बंद पडला असं सगळ्यांना कधी ना कधी होतं. दोन कारणं असतात, एकतर विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन प्रत्येक यूएसबी हबचा तो पर्याय बंद करा, आणि दुसरं म्हणजे स्वस्त हबला स्वतःचा अॅडॅप्टर नसतो, यूएसबी २ च्या एका पोर्टच्या ५०० मिलिअँपवर सहा वस्तू जगत नाहीत. अॅडॅप्टरवाला हब घ्या, लाइटना वेगळा ५ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) द्या, फक्त दोन्हीचं ग्राउंड (मायनसची वायर) एकत्र जोडा.

आणि स्क्रीन, जिथून तुमचा प्रश्न सुरू झाला. एकच चांगला स्क्रीन पुरतो पण तो जवळ घ्या. २७ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तो डोळ्यासमोरचे ५३ अंश व्यापतो. ४३ इंची टीव्ही, जो कदाचित तुमच्याकडे असेलच, ७० सेंटिमीटरवर आणला तर ६८ अंश. सिममध्ये व्ह्यूचा कोन याच्या जवळपास ठेवा. लोक मॉनिटर छोटा आणि कोन मोठा ठेवतात, मग रनवे लांब आणि बारीक दिसतो आणि नाक उचलायची वेळ कायम चुकते. डावी-उजवीकडे बघायला ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, साध्या वेबकॅमने तुमचं डोकं ओळखतं, डोकं थोडं वळवलं की व्ह्यू वळतो. दुसऱ्या दोन मॉनिटरचे पैसे वाचले, ते पेडल, योक, थ्रॉटल, बोर्ड आणि लाकडात घाला, तरी हातात काही उरतील.

मुलीला शिकवताना पहिल्या महिन्यात काट्यांवर टॉवेल टाका. सिमवाल्यांची वाईट सवय म्हणजे नजर कायम आत. बाहेर क्षितिज बघून, इंजिनाच्या आवाजावरून स्पीड ओळखायला शिकू दे. मग मुंबईच्या जुहू विमानतळावरून उडा. जुहू १९२८ पासून आहे, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे पस मॉथ विमानाने तिथेच उतरले होते. आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टर असतात, पण सिममध्ये रनवे तुमचाच. जुहूवरून पुण्याला जा, ५५०० फुटांवरून घाट पार करा, सेस्नाला पाऊणएक तास लागतो आणि लोहगाव (पुण्याचा विमानतळ) समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या वर आहे हे उतरताना अल्टिमीटर (उंचीचा काटा) बघून तिला स्वतःला कळू दे, सांगू नका.

आणि एक खास धडा, अरबी समुद्राकडून सांताक्रूझच्या, म्हणजे मुंबईच्या मोठ्या विमानतळाच्या, ०९ रनवेवर या (आकडा म्हणजे रनवेची दिशा, ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व). वाटेत आधी जुहूचा ०८ दिसतो, जवळजवळ त्याच दिशेला. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूवरच उतरलं, छोटा रनवे संपला आणि पुढे गेलं, विमान निकामी झालं, सुदैवाने कोणी दगावलं नाही. सिममध्ये थोडं धुकं लावून ही अप्रोच करून बघा, इतके अनुभवी लोक कसे चुकले ते पोरीला दोन मिनिटात डोळ्याने दिसेल, आणि रेडिओ एड (विमानतळाकडे नेणारा रेडिओ सिग्नल) का तपासायचा ते परत सांगावं लागणार नाही. पुढे व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर जाता येईल, तिथे हौशी लोक खऱ्यासारखं एटीसी (विमानांना रेडिओवरून सूचना देणं) करतात, फुकट आहे, वयाची अट १३ ची आहे म्हणजे तिला चालेल. फक्त तिला आधीच सांगा की घरच्या सिमचे तास डीजीसीएच्या (भारताच्या नागरी विमान खात्याच्या) कमर्शिअल लायसन्सच्या २०० तासांत धरत नाहीत. चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, ट्रिम, हे मात्र तिच्याबरोबर जाईल.

या शनिवारी दोघं लॅमिंग्टन रोडला जा, ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत पाच-सात मिनिटं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. आणायचं एवढंच, एक प्रो मायक्रो, तीन ४९ई सेन्सर म्हणजे एक जळला तरी हरकत नाही, थोडी वायर, आणि चुंबकं. जाण्याआधी मुलीला तुमच्या खुर्चीत बसवून टाचेपासून पाठीपर्यंतचं अंतर मोजून ठेवा, तुमचं पण मोजा, आणि दोन्ही मापं इथे लिहा, पट्टीची लांबी मी काढून देते.